शंभराच्या आत

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. न बसला तरी माझं काही बिघडत नाही. मी एक जुना सुरक्षापट्टा आहे, आणि ज्या बाईला वजनकाट्यानं आठ आठवडे अडवून धरलं, तिला मी माझ्या हिमतीवर बावीस मजले वर नेलं आहे. कालच खोक्यातून बाहेर आलेल्या हातमोज्यांनो, हसू नका. तुम्हाला अजून घामाचा वास लागलेला नाही. समोरच्या खुंटीवरचं पिवळं हेल्मेट आत्ता खाकरलं, तिकडेही लक्ष देऊ नका. त्याच्या टाळूला पोचा आहे. तो कसा आला ते पुढे येईलच.

उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणारी, दोरीवर लोंबकळत काम करणारी माणसं मला खांद्यांवरून, मांड्यांखालून आणि कमरेभोवती बांधतात. मला एका म्हाताऱ्या शिंपिणीनं दुहेरी लाल दोऱ्यानं शिवलं. कमरेला चामड्याची जाड गादी लावली, सहा लोखंडी कड्या ओवल्या, आणि मला दोन्ही हातांनी ओढून बघत ती म्हणाली, "हा हत्तीलासुद्धा पेलेल." पुढे मी खरोखरच एक हत्ती पेलला. पण तो लहान होता, म्हणून मी त्याचा मोठेपणा सांगत नाही.

मला अंगावर चढवलं ते घारताईनं. हे तिचं कामावरचं नाव. ती दोरीवर अशी तरंगायची की खालून बघणाऱ्याला घारच वाटावी. दोरीवरच्या जुन्या माणसांची एक रीत असते, ती आधी सांगून ठेवतो. ती माणसं आपला पट्टा बदलत नाहीत. ज्यानं पहिल्या दिवशी सांभाळलं त्यालाच शेवटपर्यंत अंगावर घ्यायचं. दुसरा कितीही चांगला असला तरी नजर वर करून बघायचं नाही. घारताई तर मला रोज पुसायची. सहा वर्षं आम्ही ढगांची तोंडं धुतली. एकदा वादळात इमारत झुलायला लागली, तेव्हा तिला मीच धरून ठेवलं होतं. इमारतीला. बाईची काळजी नव्हती.

एवढे मजले चढली-उतरली, आणि पडली कुठे? घराच्या तीन पायऱ्यांवरून! गुडघा मोडला. गुडघा सांधेपर्यंत कंपनीच्या साहेबांनी तिला या सामानखोलीत टेबलामागे बसवलं, आणि ती बसली ती बसलीच. मी खुंटीवर लटकून बघत होतो. आधी खुर्ची करकरायला लागली, मग बदलावी लागली. एकशे अडतीस किलो झाल्यावर गुडघ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. मग तिनं मोठ्या इस्पितळात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. जठराचा मोठा भाग काढून टाकतात, मुठीएवढं पोट उरतं. त्यानंतर चार घास म्हणजे जेवण. पाणीसुद्धा घोट घोट प्यायचं.

आणि वजन उतरायला लागलं! त्या कोपऱ्यातला दोरखंड तोलायचा मोठा काटा बघा. दर सोमवारी ती त्यावर उभी राहायची आणि भिंतीवर पेन्सिलीनं आकडा लिहायची. एकशे तीस. एकशे अठरा. एकशे चार. दहा महिन्यांत पंच्याण्णव. एके दिवशी तिनं मला खाली घेतलं, धूळ झटकली आणि हळूच म्हणाली, "तयार राहा रे."

नियम असा होता की दोरीवर जाणारं माणूस आणि त्याच्या अंगावरचं सामान मिळून वजन शंभर किलोच्या आत हवं. घारताईचं सामान नऊ किलोंचं. म्हणजे तिला एक्क्याण्णववर यायचं होतं. तपासनीस दोन महिन्यांनी, तीस तारखेला येणार होता. त्या दिवशी जमलं तर ती पुन्हा दोरीवर, तिच्या जुन्या तुकडीची मुकादम. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला आणि तिला हे टेबल कायमचं. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "ताई, मी आणखी नाही थांबू शकत."

आणि नेमका तिथेच काटा अडला.

पंच्याण्णव. पुढच्या सोमवारी पंच्याण्णव. त्यापुढच्या सोमवारी पंच्याण्णव आणि वर पाव. तिनं काटा झटकला, फुंकर मारली, चपला काढल्या, केसातल्या पिना काढल्या. पंच्याण्णव. भिंतीवर एकाखाली एक तेच आकडे चढत गेले, जणू कुणी शिक्षा म्हणून लिहायला लावले होते. सोमवारऐवजी ती रोज, आणि मग दिवसातून चारदा काट्यावर चढायला लागली. दार लोटायचं, चढायचं, उतरायचं, आणि कुणी आलं की दोऱ्या मोजत असल्याचं सोंग आणायचं.

खरं भय मला तिच्या डब्याचं वाटायला लागलं. आईनं दिलेलं उकडलेलं अंडं आणि वाटीभर दही ती दुपारी खायची. पाचव्या आठवड्यात अंडं मागच्या अंगणातल्या मांजराला जायला लागलं. सहाव्यात दहीसुद्धा. सातव्यात पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी जायला लागली. मांजर मात्र असं फुगलं की त्यालाच शस्त्रक्रिया लागेल असं वाटायला लागलं.

दोरीवरचा तिचा जोडीदार म्हणजे गाठवाले काका. दोरीला त्यांच्याइतकी पक्की गाठ कुणी मारत नाही. एकदा दारातून डोकावून ते म्हणाले, "काय गं, ओठ का असे सुकलेत?"

"काही नाही काका. उन्हातून आले."

"सामानखोलीत कुठलं आलं ऊन?"

ती हसली. ते हसले नाहीत.

तीस तारखेला नऊ दिवस उरले होते. भर दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तिनं मला अंगावर चढवलं. मागच्या अंगणात सरावाची लोखंडी चौकट आहे, दोन पुरुष उंचीची. नियमाप्रमाणे तिथे एकट्यानं लटकायचं नसतं. "नुसतं बघते, हात विसरलेत का," असं ती पुटपुटली, कड्या अडकवल्या आणि वर चढली. वर गेली ती झकास! मग तिनं पाय सोडले, दोन्ही हात पसरले, आणि तिचे हात तसेच खाली पडले.

मित्रांनो, पट्ट्यात बेशुद्ध लटकलेल्या माणसाला फार वेळ नसतो. पायातलं रक्त पायातच अडकतं. मांड्यांखालच्या माझ्या पट्ट्या तिच्यात रुतत होत्या. मी पकडत होतो म्हणून ती पडत नव्हती, आणि मी पकडत होतो म्हणूनच तिचा जीव जात होता. अंगणात चिटपाखरू नव्हतं. मी ओरडलो. असा ओरडलो की तीन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायला लागली, आणि गाठवाले काका तोंडातला घास टाकून धावत आले...

बरं, बरं. हेल्मेट पुन्हा खाकरलं. तेही तिच्या डोक्यावरून निसटून खालच्या पत्र्यावर आपटलं होतं आणि थोडा खणखणाट झाला होता. पोचा तेव्हाचा. थोडं श्रेय त्याचंही. झालं समाधान?

काकांनी तिला खाली घेतलं. भराभर गाठी सोडल्या. ती डोळे उघडून म्हणाली, "किती भरलं वजन?"

"तुझ्या वजनाला आग लागो!" काका ओरडले. "मी तुझ्या आईला काय सांगणार होतो? काटा हलत नव्हता म्हणून पोरगी लटकवली?"

काका तिला थेट इस्पितळात घेऊन गेले. परत आली तेव्हा तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंचा फोन चालू होता. टेबलावर ठेवलेल्या फोनमधून आवाज मोठ्यानं येत होता. "अगं, शस्त्रक्रियेनंतर मधेच काटा अडतो. पुष्कळांचा अडतो. एवढं उतरल्यावर शरीर जरा दम खातं. तू त्याला उपाशी ठेवलंस तर ते मांस खाईल, ताकद खाईल. अंडं आधी, बाकी नंतर. पाणी घोट घोट, पण दिवसभर. आणि काट्यावर आठवड्यातून एकदाच!"

"पण बाई, माझी तीस तारीख..."

"घाई तुला आहे, शरीराला नाही. आज ते जिथे थांबलंय, तिथे उभं राहून काय करता येतं ते बघ."

त्या दिवसापासून ती अंडं बारीक चावून खायला लागली आणि मांजर वाळायला लागलं. ओठ ओले झाले. सकाळी काकांच्या देखरेखीखाली ती दोर ओढायची. काटा मात्र पंच्याण्णवच. दिवस उरले पाच. मग तीन. साहेबांनी तिच्या जागेसाठी कुणाला तरी भेटायला बोलावल्याचंही कानावर आलं.

आदल्या दुपारी एक अजब गोष्ट घडली. ती कितीतरी वेळ भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत बसली. मग उठली, पार्सल तोलायचा छोटा काटा टेबलावर ठेवला आणि मला त्यावर ठेवलं. साडेतीन किलो. मग पट्टा दोरीला जोडायच्या लोखंडी अडकवण्या. मग बादली. एकेक वस्तू ठेवायची आणि कागदावर आकडा लिहायची. शेवटी माझ्याकडे बघत राहिली. किती प्रेमानं बघत होती म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. नंतर तिनं कोपऱ्यातलं एक नवं खोकं उघडलं. कशासाठी ते मला ठाऊक नाही. मला खुंटीवर परत टांगलं होतं आणि तिथून नीट दिसत नव्हतं.

तीस तारीख उजाडली. तपासनीस म्हणजे चष्म्याच्या वरून बघणारा माणूस. साहेब, काका आणि तुकडीची चार माणसं भिंतीला टेकून उभी होती. घारताई सगळं सामान अंगावर चढवून मोठ्या काट्यावर उभी राहिली. सुई सरसर वर गेली, शंभराच्या पलीकडे झुकली, मागे आली, पुन्हा पुढे. काकांनी डोळे मिटले.

आणि तेव्हा, मित्रांनो, मी श्वास रोखला! चामड्यातली हवा सोडली, कड्या आवळल्या, आणि क्षणात साडेचार किलोंनी हलका झालो. सुई थरथरली आणि थांबली. साडेनव्व्याण्णव!

"शंभराच्या आत," तपासनीस म्हणाला आणि त्यानं सही केली. काका तर लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. अंगावर घेण्याआधी आमचे टाके बघा, आम्हाला उन्हात टाकू नका. आणि कुणाचा काटा अडला तर त्याला उपाशी ठेवू नका, चिडवू नका. त्या दुपारी बावीस मजल्यांवर वारा सुटला होता. घारताईनं पहिली काच पुसली, तिला त्यात स्वतःचा चेहरा दिसला आणि ती मोठ्यानं हसली. मी तिच्या कमरेला घट्ट होतो. मला ते हसू इतकं जवळून ऐकू आलं की...

"खोटं! साफ खोटं!" समोरच्या खुंटीवरून हेल्मेट कडाडलं. "हसली ते मी ऐकलं. तिच्या डोक्यावर मी होतं! तिच्या कमरेला दीड किलोचा नवा पट्टा होता, अडकवण्या नव्या, बादलीच्या जागी पिशवी. तू याच खुंटीवर होतास. निघताना तिनं तुझ्या कडीवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, 'तुला उचलता यावं म्हणून उपाशी राहिले रे मी.' तू खाली राहिलास, म्हणून तर ती वर गेली!"