पांढरीचा तिसरा अर्थ

दुपारी छापखान्याचा माणूस पानं न्यायला येणार होता आणि शब्दकोशाच्या कचेरीत एकाच शब्दावर घोडं अडलं होतं. शब्द जुना: पांढर.

पहिला अर्थ, चुनखडीची फिकट माती. दुसरा, गाव वसलेली जागा. काळ्या जमिनीत पीक घ्यायचं आणि घरं पांढरीवर बांधायची, म्हणून. तिसरा, त्या जागेवर नांदणारी सगळी माणसं. हा तिसरा अर्थ कोशाच्या जुन्या संपादकांचा लाडका. त्यांना जाऊन महिना झाला होता आणि त्यांच्या खुर्चीवर आता त्यांची मुलगी बसत होती.

समोरच्या टेबलावर गाळणीकाका. वडिलांचे जुने सोबती. शब्द गाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून हे नाव.

"तिसरा अर्थ काढ," काका म्हणाले. "साक्षीचं वाक्य नाही. न विचारता कुणी बोललेलं आणि आपण कानांनी ऐकलेलं हवं. नियम तुझ्या बाबांचाच."

"वाक्य आहे. बाबांचंच. दवाखान्यात सगळे खाटेभोवती जमले, तेव्हा म्हणाले, 'अख्खी पांढर इथं उचलून आणलीत. कचेरी कोण उघडणार, मांजर?'"

"कोश करणाऱ्याचं स्वतःचं वाक्य चालत नाही."

"तेव्हा ते कोश करत नव्हते, काका. सलाईनची सुई उपटून घरी निघाले होते."

काकांनी हसू दाबलं. "बरं. पण ऐकणारी तू. घरची साक्ष चालत नाही."

"मग तुम्ही कुठं होतात?"

"मी उशाशी. पाणी..." काका थांबले. "मलाच म्हणाले होते ते. कुलूप लावून आलो होतो ना."

एका शब्दासाठी बाजारभर कान टवकारून फिरणारी ही माणसं. त्या दिवशी शब्द आयता पुढ्यात पडला होता आणि दोघांपैकी कुणीही खिशातला कागद काढला नव्हता.

तिनं नोंदीची कोरी कागदी पट्टी त्यांच्यापुढे सरकवली. काकांनी वाक्य लिहून काढलं, मांजरासकट.

"बोलणाऱ्याचा धंदा काय लिहू?"

"रुग्ण."

"रुग्ण हा काही धंदा नव्हे."

"नाहीतरी त्यांना तो जमला नाहीच."

काकांनी तो रकाना रिकामा सोडला आणि खाली, ऐकणारा म्हणून, सही ठोकली. तिनं तिसरा अर्थ पक्का केला, पानं बांधली आणि जिन्यात पावलं वाजताच दार उघडलं.