कोरीनने धुतलेला गालिचा

"तिचं मशीन एकदा बघच तू," माझा नवरा नॉरिस चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "पाण्याचा नुसता फवारा मारते. तासाभरात गालिचा कोरडा!"

"मग इतकी वर्षं मी काय तुमच्या क्लबात पूर आणत होते?"

"तसं कुठं म्हणालो मी?"

तसंच म्हणत होता. आमच्या बर्नलीत हिरवळीवर जड गोळे घरंगळवायचा बोल्स नावाचा खेळ चालतो; त्या क्लबाचा गालिचा दर वर्षी मीच धुवायचे. माझ्या मशीनने तो दोन दिवस ओला राहायचा, शुक्रवारचा बार बुडायचा आणि अध्यक्ष हॅरल्डचं तोंड कडू व्हायचं. म्हणून यंदा हॉटपॉटच्या, म्हणजे मटण-बटाट्याच्या रश्श्याच्या, वार्षिक जेवणाआधी काम कोरीनला गेलं. सुचवलं कोणी? क्लबाच्या सेक्रेटरीने. आणि सेक्रेटरी कोण, तर हा माझा कुंकवाचा धनी.

कोरीनचा नवरा वारला आणि तिने त्याचा गालिचे धुण्याचा धंदा हातात घेतला. कोणी म्हणेल, बिचारी. मी म्हणणार नाही. समोरच्याला वाटावं, आपल्याइतका गमतीदार माणूस इंग्लंडात दुसरा नाही, इतकी ती हसते. नॉरिसचे विनोद मी अर्धं आयुष्य ऐकलेत. ते हसण्यासारखे नसतात.

शुक्रवारी दुपारी ती गालिचा धुवायला आली तेव्हा मीही क्लबात गेले. कपबशा मोजायला, असं सांगितलं. खरं म्हणजे ती कुठे चुकते ते बघायचं होतं. आणि ती चुकली. बारसमोर गेल्या वर्षी लाल कोबीच्या लोणच्याची बरणी फुटली होती. तो डाग निघेना, तशी तिने त्यावर औषध ओतलं, पुन्हा ओतलं, वरून मशीन फिरवलं. डाग गेला. खिडक्या लावून बाई निघून गेली.

"जादूच की!" हॅरल्ड म्हणाला. नॉरिस तर असा फुलला होता, जसं काही मशीन यानेच शोधलं.

मी गालातल्या गालात हसले. वरचे धागे साफ झाले होते, पण लोणचं गालिच्याच्या बुडापर्यंत मुरलेलं होतं. इतकं ओतल्यावर ते ओलं होणारच. वाळताना पाणी वर चढतं आणि वातीतून तेल यावं तसा खालचा रंग वर आणतं. कमी पाण्याचं मशीन वरवरच धुतं, खाली मुरलेलं ओढून काढत नाही, हाच त्याचा धोका. अशा डागावर थेंब-थेंब औषध घालायचं, टिपून घ्यायचं, मग पांढऱ्या टॉवेलची जाड घडी ठेवून वर वजन द्यायचं, म्हणजे वर येणारा रंग टॉवेलात उतरतो. शेजारी पंखा हवा, खिडक्या उघड्या हव्यात. मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. शनिवारी जेवणाला सगळं गाव जमणार, पुढच्या वर्षीचं काम तिथेच हात वर करून ठरणार, आणि बारसमोर जांभळा डाग! मी रात्री शांत झोपले.

सकाळी जाग आली तर नॉरिस अंथरुणात नव्हता. क्लबाच्या किल्ल्याही खुंटीवर नव्हत्या. कोट चढवून तशीच क्लबाकडे निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत तो एकटाच होता. बारसमोर गुडघे टेकून, बादली शेजारी घेऊन, ब्रशाने खसाखसा घासत होता. डाग वर आला होता आणि याच्या घासण्याने ताटाएवढा झाला होता. घरी सांडलेला चहा पुसायला हा माणूस कधी वाकला नाही.

"एव्हरिल!" तो दचकला. "अगं, हे बघ ना काय झालंय. कोरीनने बघितलं तर रडेल गं ती."

"रडू दे."

"असं नको बोलूस. नवरा गेल्यापासून कसंबसं सावरतेय."

"आणि माझं काम काढून घेतलं, तेव्हा मी रडले असेन असं नाही वाटलं तुला?"

"तू?" तो खरंच गोंधळला. "तू कुठे रडतेस?"

मी परत फिरणार होते. तेवढ्यात त्याने माझी बाही धरली. "तुझ्याशिवाय हे कोणाला जमणार नाही गं. एवढं कर. संध्याकाळी मी उभा राहून सगळ्यांना सांगेन, हे एव्हरिलचं काम आहे म्हणून. शप्पथ." इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोलला होता, आठवेना. मी मेली मूर्ख, विरघळले.

"आधी तो ब्रश टाक," मी म्हटलं. "आणि बादली बाहेर ने. पाणी ओतशील तेवढा रंग वर येईल."

मी डाग टिपला, टॉवेलची घडी ठेवली, वर खेळाचे जड गोळे ट्रेमध्ये भरून ठेवले. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. रंग टॉवेलात उतरत गेला, मी घड्या बदलत गेले. नॉरिस टॉवेल पिळून आणत होता. मधेच त्याने माझ्यासाठी चहा आणला. खोटं का बोलू, सुखात होते मी.

संध्याकाळी हॉटपॉट वाढून झालं आणि हॅरल्ड उठला. "गालिचा बघितलात? यंदा बार एक दिवससुद्धा बंद नाही! कोरीनसाठी होऊन जाऊ दे!"

टाळ्या पडल्या. कोरीन लाजली. तिने डोळे टिपले आणि नॉरिसकडे बघून हसली. मी त्याच्याकडे बघितलं. तो उभा राहिला.

"सेक्रेटरी या नात्याने," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीही काम कोरीनलाच द्यावं असं मी सुचवतो."

आणि सगळ्यांच्या आधी त्याने हात वर केला. दिवसभर टॉवेल पिळून त्याची बोटं अजून जांभळी होती. टेबलाटेबलावर भराभर हात वर होत गेले. कोरीन माझ्या शेजारीच बसली होती.

"तुमचा हात, एव्हरिल?" तिने गोड विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात वर केला.