बाहेर बसलेलं मत

मी सभागृहाच्या दाराबाहेरचा बाक बोलतोय. बसा, बसता बसता ऐका. लाकूड सागवानी, पण माझी शाळा म्हणाल तर चपलांच्या दुकानातली. सुताराने मला तिथल्या गिऱ्हाइकांसाठीच बनवलं होतं. बारा वर्षं पायांकडे बघून माणूस ओळखायला शिकलो. चप्पल घालून जागीच पाय हलवतो तो भाव काढायला आलेला. चार पावलं चालून बघतो तो घेणारा. पुढे दुकान बंद झालं, मी इथे आलो, आणि तीच विद्या राजकारणात कामाला आली.

आत एकशे एक माणसं. एक्कावन्न सरकारकडची, पन्नास विरोधातली. त्या पन्नासांत एक अपक्ष, भांडीवाले. बाजारातल्या गादीवरून उठून निवडून आलेले. सरकारकडे मास्तर. तीस वर्षं एकाच पक्षात, मत कधी इकडचं तिकडे नाही. आत दोघं एकमेकांची सालटी काढत, बाहेर माझ्यावर बसून एकाच पुडीतले खारे दाणे खात.

"मास्तर, पक्षाने सांगितलं तर दिवसाला रात्र म्हणाल तुम्ही!"

"म्हणेन. पण सकाळी काय बोललात ते दुपारपर्यंत तुमच्या तरी लक्षात राहतं का?"

त्या दिवशी बाजाराची जागा विकण्याच्या विधेयकावर मतदान होतं. लोकांनी भांडीवाल्यांना बाजार वाचवायलाच पाठवलं होतं. बरोबरी झाली तर विधेयक पडणार, असा नियम.

दुपारी मास्तरांना मुलीचा फोन आला. बायको दवाखान्यात होती. "बाबा, आता या. उशीर नको." मास्तर उठले, पुन्हा बसले. त्यांच्या पक्षाचा प्रतोद, म्हणजे आपली माणसं मोजून आत हाकणारा, दारातच उभा.

"मास्तर, एका मताचा खेळ आहे. मतदान झालं की माझी गाडी देतो."

"कधी होईल?"

"संध्याकाळ होईल."

तेव्हा भांडीवाले म्हणाले, "जा हो तुम्ही. मीही आत जात नाही. आपली जोडी."

ही इथली जुनी रीत. एका बाजूचा अडला की दुसऱ्या बाजूचाही एक जण बाहेर राहायचा, म्हणजे फरक तोच. पक्षवाल्यांच्या जोड्या दोन्हीकडचे प्रतोद लिहून ठेवत. अपक्षाला प्रतोदच नाही, तर लिहिणार कोण?

प्रतोद हसला. "अपक्षाचा शब्द? पाण्यावरची रेघ!"

"मला चालतो," मास्तर म्हणाले आणि पक्षाला न विचारता जिना उतरले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

संध्याकाळी घंटा वाजली. पाच मिनिटांत दार बंद होणार. विरोधकांचा नेता धावत आला. "भांडीवाले, उठा! तुम्ही आलात की बरोबरी होते. बाजार वाचतो!"

"शब्द दिलाय."

"कुठे लिहिलाय?"

"कुठेच नाही. म्हणून तर पाळायचा."

मग धाकट्या भावाचा फोन. बाजारातून. मागे गलका. "दादा, सगळे दुकानदार जमलेत. आत जा ना रे!"

"अरे, मास्तरांची बायको जातेय..."

भावाने फोन ठेवला.

मी त्यांचे पाय बघत होतो. टाचा दोनदा उचलल्या, दोनदा टेकल्या. माझी कड त्यांनी इतकी घट्ट धरली होती की मलाच त्यांची दया आली. दार लागलं. बाजार गेला.

पंधरवड्याने मास्तर आले, शेजारी बसले.

"ओळखलं तिनं मला. दीड तास बोलली. शेजारणीची कात्री परत करा म्हणाली."

"केलीत?"

"केली." दाण्यांची पुडी सोडत म्हणाले, "बाजाराचं कळलं. पण खोटं कशाला बोलू, पुन्हा वेळ आली तरी मी पक्षाबरोबरच मत देईन."

"द्या की. मी विरोधात देईन."

मग मास्तरांचे खांदे हलायला लागले, आणि भांडीवाल्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या निवडणुकीत भांडीवाले पडले. मास्तर काही दिवस एकटेच येऊन बसत, मग तेही येईनासे झाले. जोड्यांची रीत मोडली. आता इथे गुबगुबीत सोफे येणार, आणि परवा माझा लिलाव.

माल विकताना खोट आधी सांगावी. माझा एक पाय आखूड आहे. एकटा माणूस टोकाला बसला की मी कलतो. म्हणून नेणाऱ्याला हात जोडून सांगणं, मला जिथे दोघं बसतील अशा जागी ठेवा. त्यांचं एकमेकांशी पटत नसलं तरी चालेल.