अंगठ्याएवढं पाखरू

आमच्या योगिनीचं लग्न झालं त्या साली ऋषिकेशनं फोनवर पहिलं पाखरू पाठवलं, फोटोतलं. तो बहिणीच्या लग्नाला रिठदला येऊ शकला नव्हता. नवरदेवाचा कान त्याच्याऐवजी चुलतभावानं पिळला. फोटो आला तेव्हा मांडव उतरत होता. माझी बायको पंचफुला फोनात तोंड घालून बोलली, "लयच गोजिरं हाय रे बापू." झालं. पोरगा तेव्हापासून पाखरंच पाठवू लागला.

शेलूबाजारला लग्नाची शूटिंग करता करता तो पुण्याच्या एका फोटोग्राफरच्या हाताखाली लागला आणि त्याच्यासोबत इक्वेडोर नावाच्या देशात गेला. तिथल्या डोंगरातल्या जंगलात हमिंगबर्डचे फोटो काढायचं काम. फुलात साखरपाणी भरायचं, भोवती फ्लॅश लावायचे, हिरवं कापड पांघरून धुक्यात बसून राहायचं. पाखरू अंगठ्याएवढं. जंगलात रेंज नसे. खालच्या गावात उतरला की फोटो यायचे.

"त्याले त्याचा फोटो मांगू?" मी विचारलं. पन्नाशीनंतर अक्षरं शिकलो होतो. दोन ओळी जमत होत्या.

"नोका मांगू. दूर गेलेल्या लेकराचा फोटो मांगत नसतात. भितीवर मेलेल्यायचे फोटो असतात."

"भितीवर कोन लावते? फोनात राहीन."

"फोनबी तुमी चार्जिंगले भितीलेच टांगता."

दिवाळीनंतर पंचफुलाचं जेवण तुटलं. वाशिमच्या डॉक्टरनं घरी न्या म्हटलं. एका दुपारी तीच म्हणाली, "लिवा त्याले."

"काय लिवू?"

"मी आजारी हाय हे नोका लिवू. लिवा, पाखरं झाली पाहून. आता तुले पाहू दे."

काही दिवसांनी फोटो आला. हिरव्या कापडातून बाहेर काढलेलं तोंड, वाढलेली दाढी, ओले केस.

"वाळला," ती म्हणाली. "साखरपानी समदं पाखरालेच पाजते वाटते."

दृष्ट काढायला तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. फोटो सरकला आणि पाखरू आलं. मी पोराला परत आणलं. तिनं पुन्हा हात फिरवला. पुन्हा पाखरू.

"ह्याले बाजूले करा ना."

"काचेले बोट नोको लावू. वरूनच फिरव."

तिनं हात काचेच्या वीतभर वर धरला, त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूहळू आणला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. आवाज आला नाही. बोटांत तेवढा जोर नव्हता.

पंचफुला माघ पौर्णिमेला सकाळी वारली. ऋषिकेश तेराव्याला पोचला.