एक किटली, दोन उंबरे

टर्पस्ट्राबाई बुधवारी येणार होत्या आणि आल्या मंगळवारी! घर बघायला येणारी माणसं अशीच येतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी सोमवारीच पडदे धुतले असते. मंगळवारी सकाळी माझे हात कोपरापर्यंत साबणात होते, पडदे बादलीत होते आणि कालव्याच्या पुलावरून सायकल हातात धरून टोपीवाली बाई येत होती. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

माझा नवरा हार्म दोन वर्षं समुद्र हटवून काढलेल्या नव्या जमिनीवर चर खणत होता आणि तिथेच बराकीत राहत होता. त्या जमिनीवर आता गावं उभी राहत होती. पक्क्या विटांची घरं, स्वयंपाकघरात नळ, वरच्या मजल्यावर निजायच्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला खिडकी! पण ही घरं उठसूट कुणालाही मिळत नव्हती. आधी कचेरीतून बाई यायची, इथलं घर कसं ठेवलंय ते बघायची, घरधनीण कशी आहे ते बघायची, आणि मग ठरायचं.

इथलं म्हणजे आमचं ड्रेन्ट प्रांतातलं. काळ्या दलदलीतून जळणाची ढेकळं काढणाऱ्यांसाठी कधीकाळी बांधलेली घरं ती. एक खोली, तिच्या भिंतीत झोपायचं कपाट. रात्री पोरांना आत घालायचं, आपण शिरायचं आणि दारं ओढून घ्यायची. आमच्या कपाटाची मागची भिंत बारा महिने ओली. माझी टिनी त्याच भिंतीला टेकून झोपायची आणि रात्रभर खोकायची. डॉक्टर म्हणाले होते, "हिला औषध काय देऊ? हिला कोरडी भिंत द्या." ती भिंत मला हवी होती. नळ नसता तरी चाललं असतं, भिंत हवी होती.

आता गंमत अशी, की पलीकडच्या रूलफीनचा नवरा जान्स त्याच बराकीत, हार्मच्या शेजारच्या खाटेवर. दोघे एका ताटात जेवतील इतके जिवलग. आणि आम्ही दोघी? आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ईस्टरच्या आधी तिच्या बकरीने माझ्या लग्नातली चादर दोरीवरून ओढून खाल्ली. मी जाब विचारायला गेले तर ही म्हणते, "एवढी विरविरीत होती, तिला वाटलं पालाच आहे." तेव्हापासून बोलणं बंद.

रविवारी हार्म घरी आला होता, तेव्हा बटाटे सोलता सोलता म्हणाला, "बराकीत ऐकलं, की आपल्या ओळीतून एकालाच घर मिळणार."

"मग ते आपल्यालाच," मी म्हटलं.

"बाई जान्सकडेही जाणार आहेत."

"जाऊ देत. बकरी बघतील आणि परत येतील."

पण बाईंना कॉफी द्यायची कशात? आमच्या ओळीत सगळ्यांकडे टवके उडालेले पत्र्याचे मग. धड सेट एकच, आमच्या डाव्या हाताला राहणाऱ्या हिलामावशीचा. निळ्या फुलांची चिनी मातीची किटली, कप-बश्या, दुधाचं भांडं, साखरदाणी. मावशीचा नवरा गेला, मुलगा युद्धात गेला, सेटचा मात्र एकही कान तुटला नव्हता. तिने फर्मान काढलं.

"सेट दोघींनाही मिळेल. आधी फेना, तुझ्याकडे, मग रूलफीनकडे. मागच्या दाराने न्यायचा."

"आणि मी पुढे दिलाच नाही तर?"

"तर मी येईन आणि बाईंच्या देखत तुझ्या हातातून काढून घेईन. करून बघ."

तर मंगळवार. टर्पस्ट्राबाईंनी पुढचं दार वाजवलं. ते दार इतक्या वर्षांत उघडलंच नव्हतं, मी आतून खांदा लावला तरी हलेना. शेवटी खिडकीतून ओरडले, "बाई, मागून या! आमच्याकडे पुढच्या दाराने नवरी आणि मढंच जातं!" तेवढ्यात मावशी सेट घेऊन मागून शिरली, मांडला आणि पसार झाली. त्या वयात इतकी चपळ बाई मी दुसरी पाहिली नाही.

कॉफी तेव्हा अजून कुपनावर मिळायची. मी महिन्याची सगळी एका किटलीत घातली, वर माझ्या आईची रीत म्हणून चिमूटभर मीठ. बाईंनी एक बिस्कीट घेतलं, मी डब्याचं झाकण लावलं; आमच्याकडे पाहुण्याला एकच बिस्कीट, सगळं रीतीप्रमाणे झालं. बाईंनी टिनीची जीभ बघितली, माळा बघितला, बटाट्याचा खड्डा बघितला. चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ.

"शेजाऱ्यांशी कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे हिलामावशी. देवमाणूस."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे बकरी आहे."

"बकरी?"

"आणि बकरीची मालकीण. आम्ही बोलत नाही."

बाईंनी पेन्सिल काढून काहीतरी टिपलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! माझं मलाच कळलं, की मी आत्ता माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

बाई उठल्या. "पावसाच्या पाण्याचं पिंप आणि संडास बघते आणि तशीच पुढे जाते."

त्या बाहेर पडल्या आणि मागच्या खिडकीत मला रूलफीन दिसली. आमच्या दोन परसांमधल्या चरापलीकडे उभी, तोंड लालबुंद. बोलत नाही ना माझ्याशी, म्हणून हाक मारीना. नुसता एप्रन पसरून धरलेला. माझी नजर कडीकडे गेली. कडी लावली की संपलं. तिच्याकडे पत्र्याचे मग, माझ्याकडे निळी फुलं आणि घर एकच. खोटं कशाला बोलू, हात कडीपर्यंत गेला होता. तेवढ्यात तिच्या घरातून तिचा धाकटा खोकला. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी टिनीच समजले असते.

मी ट्रे उचलला आणि धावले! किटलीत अर्धी कॉफी होती, महिन्याचं कुपन, ओतून टाकायला जीव होईना. लाकडी बुटांनी चरावरच्या फळीवरून कशी गेले ते त्या देवालाच ठाऊक. रूलफीनने ट्रे घेतला. साखरदाणी ट्रेवर मावली नव्हती, ती माझ्या हातात. म्हणून मी तिच्या पाठोपाठ आत शिरले. टेबलावर ठेवणार, तोच मागच्या दारावर टकटक.

मागच्या! मीच शिकवलं होतं ना त्यांना, मागून या म्हणून!

रूलफीनने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिने झोपायच्या कपाटाचं दार उघडलं, माझ्या पाठीत हात घातला आणि मला आत ढकललं. दार बंद.

आत अंधार, खाली गवताची गादी, मांडीवर साखरदाणी. तोल सावरायला भिंतीला हात लावला आणि हात तसाच राहिला. ती भिंत ओली नव्हती, ती वाहत होती. माझ्या मनगटावरून पाणी बाहीत गेलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला ठाऊक नव्हतं.

बाहेर कपाचा आवाज झाला. मग टर्पस्ट्राबाई म्हणाल्या, "कॉफी छान आहे. तुम्हीही चिमूटभर मीठ घालता वाटतं?"

"मीठ?" रूलफीनचा आवाज. "छे! कॉफीत मीठ कोण घालतं?"

बाईंनी कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. मग रूलफीन म्हणाली, "ही कॉफी तिची आहे. शेजारणीची. सेट म्हातारीचा आहे. माझं इथे टेबल तेवढं आहे."

"शेजारणीशी तुमचं बोलणं नाही ना?"

"नाही. माझ्या बकरीने तिची चादर खाल्ली. चादर विरविरीतच होती हो, पण तिच्या लग्नातली होती. मी सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं."

आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने की कशाने, आजही सांगता यायचं नाही.

"निजायची जागा दाखवा," बाई म्हणाल्या.

"नको! म्हणजे, आवरलेली नाही..."

दार उघडलं. उजेड आला आणि उजेडात टर्पस्ट्राबाईंची टोपी. मी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली.

"साखर," मी म्हटलं आणि साखरदाणी पुढे केली. "साखर राहिली होती, बाई."

माझ्यावरून हात नेऊन त्यांनी भिंतीला तळवा लावला, मग तो कोटाला पुसला. आणि माझा बांधच फुटला. "बघितलंत ना? हिची भिंत माझ्यापेक्षा ओली आहे! मी आत्ता बघितली! घर एकच आहे ना, मग... पण मला नकोय असं नाही हं! मला पाहिजेच! माझी टिनी खोकते! हिचाही खोकतो! तुम्हीच सांगा, आम्ही काय करायचं?"

"फेना, आधी बाहेर ये," रूलफीन म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून माझं नाव निघालं.

"घर एकच, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"पुरुषांनी."

"बराकीत पुरुषांना संध्याकाळी दुसरं काम काय!" त्या पहिल्यांदा हसल्या. टेबलाशी बसल्या, माझ्या हातातली साखरदाणी घेतली आणि कपात साखर घातली. "नव्या गावातल्या बायका मला काय सांगतात माहीत आहे? नळ आहे, खिडक्या आहेत, पण साखर मागायला कुणी ओळखीचं नाही. काही जणी रडतात. तिथली घरं जोडीजोडीने बांधली आहेत. दोन घरांत एक भिंत." मग त्यांनी रूलफीनकडे बघितलं. "कोरडी आहे ती. बकरी बांधून ठेवावी लागेल."

शरद ऋतूत कचेरीने दोघींनाही घर मिळाल्याचं कळवलं आणि दोन्ही घरांचं सामान एकाच ट्रकवर चढलं. रूलफीनने मला नवी चादर दिली. बकरीच्या नजरेसमोर मुद्दाम घडी उलगडून दाखवली, आम्ही दोघी हसून हसून वाकलो. टिनी ट्रकवर चढून ओरडत होती, "माझी खिडकी! माझी खिडकी!"

हिलामावशीला घर मिळणार नव्हतं. नव्या जमिनीला कामाची माणसं हवी होती, म्हातारी नकोत. ती सेट घेऊन आली. किटली माझ्या हातात दिली, कप-बश्या रूलफीनच्या.

"आता भांडून दाखवा. एकीकडे कॉफी, एकीकडे कप."

"मावशी, तुम्ही कशात पिणार?"

"पत्र्याचा मग आहे की."

"आणि साखरदाणी?" रूलफीनने विचारलं.

"ती माझ्याकडे राहील. साखर लागली की या," मावशी म्हणाली आणि मागच्या दाराने आत गेली.