भोंग्याच्या आत

ओतशाळेच्या मालकाने हातोडीने साच्यातली वाळू झाडली, चाक उताणं केलं आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट एका दात्यावरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं आणि पुढे घसरलं. मग घसरतच राहिलं.

"हे चाक आहे की माझ्या आजीचं बोळकं?"

कुणी हसलं नाही. विनोद चांगला होता, पण पहिलं चाक बिघडलं तेव्हाच तो करून झाला होता.

ओतारी बाजूला उभा होता. गाव त्याला घाईराव म्हणायचं. दुसऱ्याच्या दारात पडलेल्या चपलांकडे माणूस पाहतो तसा तो त्या चाकाकडे पाहत होता.

"लोखंड थंड होतं," मुनी म्हणाला. मुनी साचे भरायचा; त्याला आजवर कुणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव मुनी. "दात्यांच्या टोकाशी पोचायच्या आधीच गोठलं. साचा मी काय भरला होता! त्यात तोंड बघून भांग पाडावा असा. यांनी तापायच्या आत ओतून टाकलं."

"का ओतलंत, घाईराव?"

"वेळ झाली म्हणून."

"कसली वेळ? आता वीज जात नाही!"

"माहितीये," घाईराव म्हणाला, आणि हात झटकून धुवायला गेला.

त्या गावाला ही घाई कुठून लागली ते सांगायला हवं. गावाच्या डोक्यावर धरण होतं आणि धरणाच्या पायाशी पॉवरहाऊस. नदी तिथे दिवसरात्र राबायची आणि वीज करायची. ती वीज उंच मनोऱ्यांवर चढून, गावाच्या छपरांवरून गुणगुणत दूरच्या शहराला जायची. नव्या नवरीने खाली मान घालून वाड्यावस्त्यांवरून पुढे जावं, तशी ती कुणाशी न बोलता जायची. तारांची गुणगुण एवढी की गावातली तान्ही पोरं परगावी नेली की शांततेने दचकून उठायची. गावाला मात्र सकाळच्या काही घटका वीज मिळे. दुपारी शहराची भूक वाढली की पॉवरहाऊसचा भोंगा व्हायचा आणि लगेच गावाची वीज तुटायची.

म्हणून सगळं भोंग्याच्या आत. गिरणीत दळण भोंग्याच्या आत, इस्त्री भोंग्याच्या आत. न्हाव्याचं यंत्र एकदा भर कामात थांबलं आणि ते गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने लग्नाला उभं राहिलं. सासरच्यांनी हीच इकडची पद्धत असेल समजून पुढच्या जावयाचंही अर्धंच डोकं भादरलं, असं सांगतात. खरं खोटं त्या जावयाला विचारावं.

ओतशाळेत तर भोंगा म्हणजे काळ. भट्टी विजेवर चालायची. आत लोखंड असताना वीज गेली की ते भट्टीतच गोठायचं आणि मग आठवडाभर छिन्नी घेऊन ते फोडत बसायचं. त्यामुळे भोंगा झाला की लोखंड तापलेलं असो नसो, घाईराव दांडा खाली ओढायचा, भट्टी कलंडायची आणि आतलं सगळं साच्यात जायचं. अशा अर्धवट तापलेल्या लोखंडाची नाजूक वस्तू होत नाही. गटारांची झाकणं होतात. गावाने आख्खी पिढी झाकणं ओतली आणि ती विजेच्या मागोमाग शहराला पाठवली. पोरंही मग त्याच वाटेने गेली.

आणि आता वीज मंडळाने एक महिनाभर गावाची वीज न तोडायचं कबूल केलं होतं. खालच्या अंगाला कागदाची गिरणी बंद पडलेली होती. तिला दात्यांची चाकं हवी होती. ओतशाळेने एक चाक धड करून दाखवलं की गिरणी सुरू, आणि गिरणी सुरू झाली की वीज कायमची इथेच. नाही जमलं तर पुन्हा मनोऱ्यांवर. दोन चाकं फुकट गेली होती. महिना संपत आला होता, आणि तिसऱ्यापुरतंच लोखंड उरलं होतं.

"उद्या ओता, परवा मंडळाचा साहेब येतोय," मालक त्याच्या पाठीला म्हणाला. "घाईराव, मी पाया पडू का तुमच्या? थांबा हो जरा. फक्त थांबा."

"थांबतो," घाईराव म्हणाला. दोन्ही वेळा तो असंच म्हणाला होता.

संध्याकाळी घरी मुलीने घाईरावाला ताट वाढलं. ती पॉवरहाऊसच्या नियंत्रणकक्षात कामाला होती. दिवसभर काट्यांकडे बघून घरी आली की बापाकडेही तशीच बघायची, काटा हलतो का ते. काटा हलत नव्हता. बायको गेल्यापासून घाईराव वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. शेजारीण म्हणायची, किती धीराचा माणूस. मुलीला तो धीर वाटत नव्हता. कुलूप लावलेल्या घरात दिवा राहून जावा, तसा तिला तो दिसायचा.

"हे काय झालं?" तिने त्याचं मनगट धरलं. मनगटावर काळपट डाग होता, कडेला सालटं निघालेलं.

"ठिणगी पडली असेल."

"असेल? दुखत नाही?"

"नाही."

तो जेवत राहिला. ती मनगट सोडून आपल्या जागेवर बसली.

"चाकाचं काय झालं, बाबा?"

"बिघडलं."

"परत?"

"वेळ झाली, ओतलं."

"कसली वेळ?"

घाईरावाने घास खाली ठेवला आणि विचार केला. मग उजवा हात वर नेऊन हवेतच खाली ओढला, दांडा ओढतात तसा. त्याच्याकडे तेवढंच उत्तर होतं.

मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भोंगा ऐकू येतो तुम्हाला?"

"कसला भोंगा? वीज कुठे तुटते आता?"

"वीज तोडू नका असा हुकूम आलाय. भोंगा देऊ नका असा नाही आला." ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. "मी रोज देते, बाबा. दुपारी बटणावर अंगठा जातोच. आत्ता तुम्ही हात ओढलात तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"मला नाही ऐकू येत," घाईराव म्हणाला. आणि ते खरं होतं. इतक्या वर्षांत गावाच्या कानाने भोंगा ऐकणं सोडून दिलं होतं. आता तो फक्त हातांना ऐकू यायचा.

मुलीने ताट बाजूला सारलं. तो मात्र पुन्हा जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी मुनीने तिसरा साचा भरला आणि तो कसा भरला ते सगळ्यांना सांगितलं. भट्टी चढली. घाईराव दांड्यापाशी उभा राहिला. लोखंड लाल झालं, मग नारिंगी. दुपार झाली.

भोंगा झाला नाही.

कुणाला कळलं नाही काय झालं नाही ते. पण गाव अडखळलं. न्हाव्याने यंत्र गिऱ्हाईकाच्या मानेवर तसंच धरून ठेवलं. इस्त्रीवाला इस्त्री उभी करून दारात आला आणि आभाळाकडे बघू लागला. चौकातली कुत्री रोज या वेळी भोंग्याला साथ द्यायची. ती माना वर करून तयार बसली, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कुत्र्याने शेवटी कुणाची वाट न बघता एकट्यानेच सूर लावून टाकला. सवय म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं.

घाईरावाचा हात दांड्यावर होता आणि हाताला काही सांगितलं जात नव्हतं. तो उभा राहिला. बघता बघता तो थांबला होता.

थांबल्यावर काय करतात ते त्याला माहीत नव्हतं. समोर लोखंड नारिंगीचं पिवळं होत होतं. तोंडाला धग लागत होती. एवढी धग रोज असते? त्याला आठवलं, त्या सकाळी बायको अंथरुणातच होती. छातीत कसंतरी होतंय म्हणाली होती. तो चपला घालत म्हणाला होता, "भोंग्याच्या आत ओतून येतो." आणि ती रोज म्हणायची तेच म्हणाली होती, "सावकाश या." तो ओतून धावतच आला होता. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याहून जास्त घाई केली होती.

लोखंड पांढरं झालं.

"आता?" मुनी कुजबुजला. त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला एका शब्दाचा प्रश्न असावा.

"थांब."

लोखंडावर तरंगणारी मळी फुटली, एक ठिणगी उडाली आणि घाईरावाच्या हाताच्या पाठीवर बसली.

"आई गं!"

सगळे दचकले. घाईरावसुद्धा. त्याने हाताकडे पाहिलं, जणू तो आत्ताच कुणी त्याच्या मनगटाला आणून जोडला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते धगीने असेल असं मुनीने पुढे सगळ्यांना सांगितलं. मग घाईरावाने दांडा धरला आणि हळूहळू, एखाद्या आजाऱ्याला कुशीवर वळवावं तशी भट्टी कलंडवली. लोखंड पाण्यासारखं गेलं.

सकाळी मालकाने वाळू झाडली. मंडळाचा साहेब शेजारी उभा होता. मालकाने बोट कडेवर ठेवलं आणि डोळे मिटून फिरवलं. बोट चढलं, उतरलं, चढलं, उतरलं, आणि फिरून पहिल्या जागी आलं. साहेबाने मग स्वतःचं बोट फिरवलं. गिरणीला कळवायला हरकत नाही, म्हणाला, वीज राहील. मुनी बोलायला लागला. मालकाला मात्र तोंड उघडूनही काही सुचलं नाही. धड चाकासाठी त्याच्याकडे विनोदच नव्हता.

घाईराव घरी चालत आला. वाटेत दोन ठिकाणी उगाच थांबला. मुलीची कामाची पाळी सकाळची नव्हती. ती ओट्यावर काहीतरी चिरत होती.

"झालं चाक," तो म्हणाला.

"कळलं. मुनीकाका रस्त्यातूनच ओरडत गेले."

"काल भोंगा झाला नाही."

"मी हातांवर बसले होते," ती म्हणाली. "दोन्ही. अर्धा तास. आमचे साहेब विचारत होते थंडी वाजते का."

घाईरावाला हसू येतंय की काय, असं तिला वाटलं. मग तिचं लक्ष त्याच्या हाताला गुंडाळलेल्या रुमालाकडे गेलं. तिने तो सोडला. फोड टरारून आला होता.

"दुखतंय?"

त्याने फोडाकडे नीट पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "खूप."

तिने सुरी खाली ठेवली. मलम आणलं, त्याला खिडकीशी बसवलं आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. बाहेर तारा गुणगुणत होत्या, जरा कमी.

"लावू?"

"सावकाश लाव," घाईराव म्हणाला. "घाई नाहीये."