सात पानांची फांदी

ब्रेकसरांनी सगळा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला. शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो; शिकणारा चुकला की तो दाबायचा आणि वर चार शब्द सुनवायचे, ही त्यांची नोकरी. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही. कॉलनीच्या बागेत दर रविवारी काही मंडळी झाडं लावायला जमत. सर पहिल्या रविवारी तिथे खड्डे खणायला गेले आणि दुसऱ्या रविवारी इतरांचे खड्डे तपासायला लागले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. पण आवाज मोठा असला की नेमणूक लागत नाही.

एक गुलाब मात्र खरोखरच त्यांच्या हवाली केलेला होता. त्यांचा जिवलग मित्र घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानामागे केशरी गुलाब होता. त्याचं कलम त्यानं एका रानगुलाबाच्या खुंटावर बांधलं आणि बागेत आणून लावलं. पुढे दुकान पडलं, मूळ झाड गेलं, आणि मग मित्रही गेला. ते केशरी फूल एवढ्या एका झाडावर उरलं. मित्राची बायको मुलीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा सरांना म्हणाली, "भावजी, यांच्या हातचं एवढंच राहिलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

सरांनी कुणालाच हात लावू दिला नाही. झाडाच्या बुडातून हिरव्यागार फांद्या सरसरून वर आल्या, तेव्हा जुन्या मरतुकड्या काड्या त्यांनी स्वतःच्या कात्रीनं छाटल्या. "नव्या दमाला वाव द्यायचा," असं सगळ्यांना बजावून छाटल्या. झाड माणसाएवढं झालं, फूल मात्र येईना. फोनवर ते वहिनींना सांगत, "झाड आधी अंग धरतंय. तुम्ही या तर खऱ्या, बघतच राहाल!"

मग रोपवाटिकेत गुलाबाचं एक शिबिर झालं. तिथून सर नवं ज्ञान घेऊन आले आणि रविवारी ते वाटायला उभे राहिले. टेलरकाकूंचा गुलाब समोरच होता. काकू कपडे शिवून शिवून पाठीत वाकलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सरांनी त्यांच्या झाडाच्या बुडाची माती उकरली.

"ही गाठ दिसते? कलम इथे बांधलेलं. गाठीच्या वरून फुटतो तो तुमचा गुलाब. खालून फुटतो तो रानटी खुंट. एका देठाला पानं मोजा. पाच असली तर बहुतेक आपला, सात असली तर चोर! काकू, इथे किती आहेत?"

"सात," काकू म्हणाल्या.

"म्हणजे गुलाब केव्हाच गेला आणि तुम्ही चोराला खाऊपिऊ घालताय! अहो, शिवताना कापड उलटं की सुलटं ते तरी बघता ना?"

मंडळी हसली. काकूही हसल्या, पण मान खाली घालून.

"आता चला, खरा गुलाब दाखवतो," म्हणत सर सगळ्यांना घेऊन मित्राच्या झाडापाशी आले. ऐटीत एक फांदी खाली वाकवली आणि मोठ्यानं मोजायला लागले. पाचपर्यंत आवाज खणखणीत होता. सहाला तो बसला. सातवं पान त्यांनी मोजलंच नाही.

कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. एकानं झारी उचलली, दुसऱ्यानं ऊन फार झालं म्हटलं आणि मंडळी पांगली. मघाशीच शिकवलेला धडा सगळ्यांना पाठ झाला होता.

एकटे राहिल्यावर सरांनी माती उकरली. सगळ्या फांद्या गाठीच्या खालून आल्या होत्या. वर नुसती वाळकी थुटकं होती, त्यांच्याच शिकवणीप्रमाणे तिरपी, सफाईदार कापलेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते दुपारीच रोपवाटिकेत गेले आणि केशरी फुलाचं एक रोप हातात घेऊन उभे राहिले. गुपचूप बदलून टाकलं तर? मग त्यांना स्वतःची इतकी किळस आली की रोप खाली ठेवून ते घरी आले. वहिनींना फोन करायचं मात्र रोज ठरवलं आणि रोज टाळलं.

पुढच्या रविवारी वहिनी स्वतःच बागेत आल्या. मंडळी होतीच. वहिनी झाडापाशी खाली बसल्या, एक पान दोन बोटांत धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"यांच्या झाडाची पानं अशी नव्हती," त्या म्हणाल्या.

सरांनी खिशातली कात्री चाचपली. तेवढ्यात मागून टेलरकाकू पुढे आल्या.

"ताई, माझं चुकलं. मला काही कळत नाही आणि मी छाटायला गेले. सर तेव्हा इथे नव्हते."

सगळ्यांनी खाली बघितलं. सरांनीही बघितलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सुटल्यासारखं वाटलं, याची लाज त्यांना पुढे जन्मभर पुरली.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि काकूंचा हात धरला. "जाऊ द्या. तुम्ही काय मुद्दाम केलंत?" मग सरांकडे वळून म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला सांगून गेले होते, भावजी. कात्री तुमच्या हातात असती तर असं झालं नसतं."

"माझ्याच हातात होती," सर आपल्या चपलांना म्हणाले.

"काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला."

मोठ्यानं बोला, असं त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

"कात्री माझ्याच हातात होती, वहिनी. मीच छाटलं. काकूंनी झाडाला बोटसुद्धा लावलं नाही. त्या मला वाचवायला बोलल्या, आणि मी त्यांना बोलू दिलं."

 वहिनी सावकाश उठल्या, गुडघ्यावरची माती झटकली आणि हात पुढे केला. सरांना आधी कळेना. मग कळलं, तेव्हा त्यांनी खिशातून कात्री काढली आणि वहिनींच्या हातात ठेवली.